ताणाच्या दिवसांत त्वचेची काळजी : काय करावे आणि काय थांबवावे

परीक्षा, नोकरीतली अनिश्चितता, घरातल्या कुणाचे दीर्घ आजारपण किंवा न मिटणारे भांडण असा काळ सुरू झाला की अनेकांच्या त्वचेवर त्याच्या खुणा उमटू लागतात. बसलेली मुरुमे पुन्हा उठतात, इसबाची खाज वाढते, अंगावर पित्ताच्या गांधी येतात, काहींचे केस मुठीने गळतात. अशा वेळी मिळणारा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी सल्ला म्हणजे ‘टेन्शन घेऊ नका’. ताण कुणी हौसेने घेत नाही आणि आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला किंवा हप्ते फेडणाऱ्याला तो ठरवून बाजूलाही ठेवता येत नाही. मात्र त्वचा सुधारण्यासाठी ताण पूर्णपणे नाहीसा होण्याची वाट पाहावी लागत नाही. ताण त्वचेपर्यंत काही ठरावीक वाटांनी पोहोचतो आणि त्यांतल्या बऱ्याच वाटा रोजच्या साध्या सवयींनी अरुंद करता येतात. त्यासाठी आधी त्या वाटा समजून घ्याव्या लागतात. नाहीतर माणूस घाबरून नेमके उलटे उपाय करतो.

ताण त्वचेपर्यंत कसा पोहोचतो

गर्भाच्या ज्या बाह्य थरापासून मज्जासंस्था घडते, त्याच थरापासून त्वचेचा वरचा भागही घडतो, त्यामुळे या दोघांची रासायनिक भाषा बरीचशी सारखी असावी यात नवल नाही. ताण जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो, त्यामुळे पियुषिका ग्रंथी जागी होते आणि तिच्या संदेशावरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात. ही साखळी केवळ मेंदूपुरती नाही. त्वचेतील पेशी सीआरएच स्वतःही तयार करू शकतात आणि तैलग्रंथींच्या पेशींवर त्याला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. कॉर्टिसॉल मुळात दाह आवरणारे संप्रेरक आहे, परंतु ताण आठवडेच्या आठवडे टिकला तर रोगप्रतिकारक पेशींचा त्याला मिळणारा प्रतिसाद बोथट होत जातो आणि दाह आटोक्यात राहीनासा होतो.

दुसरी वाट थेट मज्जातंतूंची आहे आणि ती कितीतरी वेगवान आहे. त्वचेतील मज्जातंतूंची टोके सबस्टन्स पीसारखी रसायने सोडतात, त्यांच्यामुळे जवळच्या मास्ट पेशी (या रोगप्रतिकारक पेशीच असतात) हिस्टामिन नावाचे रसायन मोकळे करतात आणि काही मिनिटांत खाज, लाली किंवा गांधी दिसू लागतात. वाद सुरू असतानाच मान लाल होते किंवा महत्त्वाच्या बैठकीच्या दारात तळहात घामाने ओले होतात, ते याच तातडीच्या यंत्रणेमुळे.

तिसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या मते काळजी घेणाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. त्यात निर्जीव पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हे स्निग्ध पदार्थ त्यांना गिलाव्यासारखी धरून ठेवतात. हा थर शरीरातले पाणी आत आणि जंतू व रसायने बाहेर ठेवतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वैद्यक, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या त्वचेवरचा हा थर चिकटपट्टीने मुद्दाम विस्कळीत करण्यात आला. परीक्षेच्या दिवसांत तो पूर्ववत होण्यास सुट्टीच्या दिवसांपेक्षा अधिक वेळ लागला. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात मुलाखतीचा ताण आणि एका रात्रीचे जागरण या दोन्हींमुळे निरोगी स्त्रियांच्या त्वचेची ही दुरुस्ती मंदावल्याचे दिसले. जखमांचेही असेच आहे. १९९५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या चमूने स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर एक लहानशी, सारख्या मापाची जखम करून पाहिली, तेव्हा ती भरण्यास इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. म्हणजे ताणाच्या काळात त्वचा केवळ चिडचिडी होत नाही, तर तिची दुरुस्तीची क्षमताही कमी झालेली असते. जी त्वचा एरवी खरखरीत स्क्रब किंवा तीव्र फेसवॉश सहन करून जाते, तीच या दिवसांत त्याने सोलवटते.

मुरुमांविषयी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे गैरसमज फार आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर झालेल्या २००३ च्या अभ्यासात परीक्षेच्या काळात ताण जितका वाढला तितकी मुरुमेही वाढल्याचे आढळले. त्यानंतर २००७ मध्ये सिंगापूरमधील किशोरवयीन मुलांच्या अभ्यासातही ताण आणि मुरुमांची तीव्रता यांचा संबंध दिसला, मात्र त्वचेवरच्या तेलाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडलेला नव्हता. याचा व्यवहारातला अर्थ असा की ताणाने मुरुमे उठली म्हणून चेहरा दिवसातून पाच वेळा धुऊन तेल काढत बसण्यात फारसे तथ्य नाही. वाढलेला असतो तो दाह, आणि घासण्याने तो आणखी वाढतो.

या सगळ्याबरोबर आणखी एक वाट आहे, जिला संप्रेरकांची गरजच पडत नाही. ताणाखाली माणूस उशिरा झोपतो, रात्री चेहरा न धुता पडतो, चालू औषध लावायचे विसरतो, अवेळी खातो, विचार करता करता हनुवटीवरची पुटकुळी खुडतो. त्वचेच्या बिघाडात या वागण्याचा वाटा अनेकदा मोठा असतो, आणि तो आपल्या हातात असल्यामुळे सुधारणेची सुरुवात तिथूनच करणे शहाणपणाचे ठरते.

आधी आपला क्रम ओळखावा

कोणताही उपाय सुरू करण्यापूर्वी तीन-चार आठवडे एक लहानशी नोंद ठेवावी. रोज रात्री तीनच गोष्टी लिहाव्यात: त्वचेची अवस्था, झोपेचे तास आणि दिवसभरातला ताण, तोही शून्य ते दहा अशा अंदाजी आकड्यात. चेहऱ्याचा किंवा बाधित भागाचा फोटो आठवड्यातून एकदा, एकाच जागी आणि एकाच उजेडात काढावा. रोज फोटो काढू नये. रोजच्या निरीक्षणाने काळजीच वाढते आणि फरकही कळत नाही.

नोंद वाचताना वेळेचे अंतर लक्षात ठेवावे लागते, कारण प्रत्येक तक्रार ताणानंतर वेगवेगळ्या वेळाने दिसते. पित्ताच्या गांधी मिनिटांत किंवा तासांत उठतात आणि एकेक गांध साधारणपणे २४ तासांच्या आत मावळते. मुरुमे आणि इसब काही दिवसांत भडकतात. केसगळती मात्र फसवी असते. मोठा आजार, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा तीव्र मानसिक आघात यांनंतर पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे ताण सरून सगळे ठीक झाले असे वाटत असतानाच उशीवर केस दिसू लागतात, माणूस तेव्हाच्या शांपूला दोष देतो आणि एकामागून एक तेले बदलत राहतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे सर्वसामान्य आहे, आणि आघातानंतरची अशी गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप थांबून केस पुन्हा येऊ लागतात. नखेही मागचा हिशेब ठेवतात: तीव्र आजारात नखाची वाढ काही काळ अडते आणि आडवी खाच पडते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढत असल्याने खाच नखाच्या मुळापासून किती दूर आहे त्यावरून ती घटना केव्हाची, याचा अंदाज बांधता येतो.

एखाद्याच्या नोंदीत ताणाचा आणि त्वचेचा काहीच मेळ दिसला नाही तर तेही उपयोगाचेच आहे. मग कारण नवे सौंदर्यप्रसाधन, कपडे धुण्याची पावडर, औषध, ऋतुबदल किंवा मासिक पाळी यांत शोधावे. प्रत्येक पुरळ ताणाच्या माथी मारणे हीसुद्धा एक चुकीची सवय आहे.

लावण्याच्या वस्तू कमी कराव्यात

त्वचा बिघडली की नवी बाटली आणावीशी वाटते. ताणाच्या काळात याच्या नेमके उलट करावे. दुरुस्तीला वेळ लागणाऱ्या त्वचेला वस्तू जितक्या कमी तितके बरे. सौम्य क्लिन्झर, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन एवढ्या तीन गोष्टी चार ते सहा आठवडे नेमाने वापरल्या तरी पुष्कळांची जळजळ शमते. हा कालावधी मनमानी नाही, कारण वरचा थर तळापासून नव्याने घडून वर येण्यास साधारण तेवढाच वेळ लागतो. चार दिवसांत फरक नाही म्हणून वस्तू बदलणाऱ्याला कोणतीच वस्तू लागू पडत नाही.

चेहरा सकाळी आणि रात्री असा दोनदाच, कोमट पाण्याने आणि बोटांच्या अग्रांनी धुवावा. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर पारंपरिक अंगाचे साबण बऱ्यापैकी अल्कधर्मी असतात आणि त्यांच्या वापरानंतर चेहरा जो ताणल्यासारखा वाटतो, ते स्वच्छतेचे नव्हे तर गिलावा धुऊन गेल्याचे लक्षण आहे. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. थकव्याने गळलेल्या शरीराला कढत पाण्याखाली उभे राहावेसे वाटते हे खरे, आणि त्या वेळी खाजही थांबल्यासारखी वाटते, पण नंतर त्वचा अधिक कोरडी पडून खाज दुपटीने परतते. अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे. फार कोरड्या किंवा इसब असलेल्या त्वचेसाठी पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम किंवा मलम अधिक उपयोगी पडते. मुरुमे येणाऱ्यांनी मॉइश्चरायझर टाळू नये. छिद्रे न बुजवणारे, सुगंधविरहित आणि हलके असे निवडावे.

खरखरीत स्क्रब, अल्कोहोलयुक्त टोनर आणि एकाच वेळी वापरली जाणारी, त्वचेचा थर सोलणारी दोन-तीन आम्ले या दिवसांत थांबवावीत. टूथपेस्ट किंवा खाण्याचा सोडा पुटकुळीवर लावण्याचा घरगुती उपाय तर कायमचा सोडावा. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. रेटिनॉइडसारख्या मुरुमांवरच्या औषधाने जळजळ होत असेल तर ते एक दिवसाआड लावता येईल का, हे त्यांनाच विचारावे. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड वापरायचे झाल्यास २.५ टक्क्यांचे घ्यावे, कारण अधिक तीव्र प्रमाणाने गुण फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. ते कपड्यांचा आणि टॉवेलचा रंग उडवते, हे आधीच माहीत असलेले बरे.

स्टेरॉइड असलेल्या क्रीमबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. ओळखीच्या कुणीतरी सुचवलेली क्रीम चेहऱ्याला लावली की दोन दिवसांत लाली उतरते, त्वचा उजळते आणि विश्वास बसतो. पुढे तीच त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे उठतात आणि क्रीम थांबवताच आग होऊ लागते. इसबात किंवा सोरायसिसमध्ये हीच औषधे योग्य तीव्रतेत, योग्य जागी आणि ठरलेल्या दिवसांपुरती अतिशय उपयुक्त असतात, पण ते ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे.

नवी वस्तू आणायचीच असेल तर एका वेळी एकच आणावी आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावी.

हात आवरण्याची पद्धत

खाजवणे आणि खुडणे यांबद्दल लोक स्वतःलाच रागावतात, पण रागावण्याने ही सवय सुटत नाही, उलट वाढते. कारण ताण कमी करण्यासाठीच हात तिकडे गेलेला असतो. खाजवल्यावर क्षणभर बरे वाटते, त्वचेला इजा होते, इजेमुळे दाह वाढतो, दाहामुळे पुन्हा खाज सुटते, आणि हे चक्र सुरू राहिले की ती जागा जाड, काळपट आणि कायमची खाजरी होऊन बसते. हे चक्र तोडण्यासाठी अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली सवय-परावर्तनाची पद्धत आजही वापरली जाते आणि ती घरी करता येण्याइतकी सोपी आहे.

पहिला आठवडा काहीही थांबवायचे नाही. हात केव्हा, कुठे आणि कोणते काम चालू असताना जातो एवढेच मोजायचे. बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण अनेकदा हात नकळत गेलेला असतो. वाचताना, फोनवर बोलताना, वाहन सिग्नलला थांबलेले असताना, किंवा न्हाणीघरातल्या आरशासमोर अशा जागा ठरलेल्या निघतात. दुसऱ्या आठवड्यापासून हात उचलला गेल्याचे लक्षात येताच दोन्ही मुठी सुमारे अर्धा मिनिट घट्ट आवळून धराव्यात आणि खाज तरीही राहिली तर त्या जागेवर तळहात नुसता दाबून ठेवावा किंवा थंड पाण्याची ओली घडी पाच-दहा मिनिटे ठेवावी. मुठी आवळलेल्या असताना बोटे खाजवू शकत नाहीत, आणि खाजेची लाट बहुधा तेवढ्या वेळात ओसरू लागते.

बाकीचे काम घरातल्या मांडणीने होते. नखे आखूड ठेवावीत आणि कडा घासून गुळगुळीत कराव्यात. चेहरा मोठा करून दाखवणारा आरसा घरातून काढून टाकावा. त्यात दिसणारी छिद्रे दुसऱ्या कुणालाही दिसत नाहीत आणि तोच आरसा खुडण्याची अर्धी जागा पुरवतो. रात्री उठलेल्या पुटकुळीवर लहान गोल हायड्रोकोलॉइड (जखमेतला द्रव शोषणारी) पट्टी लावावी, तिने जखम झाकली जाते आणि बोटालाही अडथळा होतो. वाचताना हातात काहीतरी धरावे. खुडणे किंवा केस उपटणे इतके वाढले असेल की जखमा, टकलाचे ठिपके किंवा तासन्‌तास वाया जाणे असे परिणाम दिसतात, तर ती केवळ वाईट खोड राहत नाही. तिच्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे प्रभावी उपचार आहेत आणि त्यासाठी जाण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

श्वास, स्नायू आणि स्पर्श

शांत होण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी कोणती श्रेष्ठ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जी रोज घडेल ती श्रेष्ठ. तरी नवख्याने संथ श्वासापासून सुरुवात करावी, कारण त्याला साहित्य लागत नाही आणि परिणाम लवकर जाणवतो. पाठ टेकून बसावे, एक हात पोटावर ठेवावा, नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सोडावा. एक श्वास सुमारे दहा सेकंदांचा झाला की मिनिटाला सहा श्वास होतात, आणि या गतीला हृदयाच्या ठोक्यांवरचे व्हेगस या मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे नियंत्रण विशेष प्रबळ होत असल्याचे दिसते. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा मोठा ठेवणे महत्त्वाचे. पाच मिनिटे पुरेत. खोल श्वास म्हणजे जोराने ओढलेला श्वास नव्हे. चक्कर किंवा बोटांना मुंग्या आल्या तर आपण गरजेपेक्षा जास्त हवा घेत आहोत असे समजून नेहमीच्या श्वासावर यावे.

ज्यांना शांत बसले की विचारच अधिक घेरतात, त्यांच्यासाठी स्नायू शिथिल करण्याची पद्धत बरी. एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला ती विकसित केली. पावलांपासून सुरू करून पोटऱ्या, मांड्या, पोट, हात, खांदे आणि चेहरा अशा क्रमाने एकेक स्नायुगट पाच ते सात सेकंद आवळावा आणि मग पंधरा-वीस सेकंद पूर्ण सैल सोडावा. लक्ष आवळण्यावर नव्हे, सैल होण्यावर ठेवावे. जबडा आणि कपाळ या जागा दिवसभर आवळलेल्या असतात हे पुष्कळांना इथेच पहिल्यांदा कळते.

अशा सरावाने खरोखर त्वचा सुधारते का, हा प्रश्न रास्त आहे. १९९८ मध्ये ध्यानाचे अमेरिकी अभ्यासक जॉन कबात-झिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशोपचार (त्वचेवर अतिनील किरणांचा उपचार) घेणाऱ्या ३७ सोरायसिस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार चालू असताना ध्यानाचे मार्गदर्शन ऐकणाऱ्यांची त्वचा, नुसता प्रकाशोपचार घेणाऱ्यांपेक्षा लवकर स्वच्छ झाली. अभ्यास लहान आहे आणि त्यातले शब्द नीट वाचावेत: ध्यान उपचारांसोबत होते, उपचारांच्या जागी नव्हते. औषध बंद करून केवळ ध्यानाने सोरायसिस घालवण्याचे आश्वासन कुणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे.

स्पर्शाचा उपयोग मात्र फारसा कुणी करत नाही. केसाळ त्वचेत, म्हणजे हाताच्या वरच्या बाजूला, पाठीवर आणि चेहऱ्यावर, काही विशेष मज्जातंतू असतात, ज्यांना हळुवार आणि संथ स्पर्शच भावतो. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने आणि त्वचेइतक्याच उबेने फिरवलेल्या हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि तो स्पर्श सुखद वाटतो. म्हणून रात्रीचे मॉइश्चरायझर घाईने चोपडण्याऐवजी तळहातांवर जरा कोमट करून, मनगटापासून कोपरापर्यंत हात जाण्यास सात-आठ सेकंद लागतील इतक्या संथपणे लावावे. लावायचे तर आहेच. तीन मिनिटे जास्त गेली तर त्यातच शांत होण्याचा सराव उरकतो. दाह असलेल्या मुरुमांवर मात्र चोळू नये.

झोप

सगळ्या सवयींमध्ये एकच निवडायची असेल तर मी झोप निवडेन. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी असते. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि पहाटेपासून वाढत जाऊन जागे झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते. वेळी-अवेळी झोपण्याने ही लय विस्कटते. त्यातच रात्री त्वचेतून उडून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते आणि लक्ष गुंतवणारे दुसरे काही नसते, त्यामुळे खाज रात्रीच जास्त छळते.

झोपण्याची वेळ हातात नसली तरी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. चहा-कॉफी झोपण्याच्या किमान सहा तास आधी बंद करावी. खोली थंडसर, अंथरूण सुती आणि अंगावरचे कपडे सैल असावेत. झोपण्याआधी तासभर कामाचे संदेश पाहणे थांबवावे. उजेडापेक्षा त्या संदेशांतला मजकूरच जास्त जागवतो असे मला वाटते. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर घड्याळ न पाहता उठावे, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे वाचावे आणि डोळे जडावल्यावरच परतावे. खाजेने जाग येत असेल तर मॉइश्चरायझरची डबी आणि ओली घडी उशाशीच ठेवावी, म्हणजे नखांना पर्याय हाताशी राहतो.

व्यायाम, आहार आणि लिहिणे

व्यायामाबद्दल थोडक्यात सांगता येते. आठवड्याला १५० मिनिटे भराभर चालणे किंवा तेवढ्याच श्रमाचे काहीही चालते. घाम आल्यावर साध्या पाण्याने अंग धुऊन कपडे बदलावेत, कारण वाळलेला घाम इसबाला चिडवतो आणि पाठीवरच्या मुरुमांनाही. आहारात ताणाच्या दिवसांत गोड आणि मैद्याचे पदार्थ वाढतात. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारा आहार आणि मुरुमे यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, म्हणून एवढे एक पथ्य पाळण्यासारखे आहे. मद्याने चेहऱ्याची लाली वाढते आणि झोप तुटते, धूम्रपानाने जखमा उशिरा भरतात. याहून लांबलचक पथ्ये लावून घेतली की पथ्याचाच ताण होतो.

लिहिण्याचा उपाय अनेकांना त्वचेशी असंबद्ध वाटेल. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात एक पद्धत अभ्यासली, जिच्यात मनाला टोचणाऱ्या प्रसंगाविषयी सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा ते वीस मिनिटे, न थांबता आणि शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहायचे असते. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी वयस्क लोकांवर हीच पद्धत वापरून नंतर हातावर लहान जखम केली, तेव्हा अकराव्या दिवशी मनातले लिहिणाऱ्यांपैकी ७६ टक्के जणांची जखम पूर्ण भरली होती, तर रोजच्या साध्या दिनक्रमाविषयी लिहिणाऱ्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. लिहिलेले कुणाला दाखवायचे नाही, हवे तर फाडून टाकावे. मात्र एखादा आघात अगदी ताजा असेल किंवा लिहिताना अंगाचा थरकाप होत असेल तर एकट्याने हा प्रयोग करू नये.

सर्वांत वाईट दिवसासाठी वेगळा, अगदी तुटपुंजा क्रम आधीच ठरवून ठेवावा, कारण त्या दिवशी मोठा क्रम घडणारच नसतो. चेहरा एकदा धुणे, डॉक्टरांचे औषध, मॉइश्चरायझर आणि अंथरुणात पडल्यावर दहा संथ श्वास. एवढे झाले तर दिवस भरून पावला असे समजावे. एक रात्र चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट लावण्याची गरज नसते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

गांधींसोबत ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज आली, श्वास लागला किंवा भोवळ आली तर वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. तापासोबत पसरणारी लाली, पू किंवा फोड, तसेच डोळ्याजवळ उठलेल्या दुखऱ्या पुटकुळ्या यांनाही त्याच दिवशी दाखवावे. केसांत अचानक पडलेली गोल चाई, त्वचेवरचा नवा पांढरा डाग, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, सहा आठवड्यांहून अधिक काळ रोज उठणारे पित्त, खड्डे पाडणारी खोल मुरुमे आणि सहा महिन्यांनंतरही न थांबणारी केसगळती यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी. केसगळतीमागे रक्तक्षय, लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो आणि तो तपासणीवाचून कळत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कशातलेही मन उडाले असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर त्वचेच्या आधी मनाचा उपचार घ्यावा.

भेटीला जाताना ती छोटी नोंदवही, आठवड्याचे फोटो आणि लावलेल्या प्रत्येक क्रीमचे नाव सोबत न्यावे. वेष्टनच नेले तर उत्तम, कारण स्टेरॉइडचे नाव अनेकदा बारीक अक्षरांत मागच्या बाजूला असते. गांधी दवाखान्यात पोहोचेपर्यंत मावळलेल्या असतात, तेव्हा त्या उठलेल्या असतानाच फोटो काढून ठेवावेत. चेहरा प्रसाधनाशिवाय असावा. घरात किंवा कामावर काय चालले आहे हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी दोन वाक्यांत आपणहून सांगावे, कारण रोज दोनदा औषध लावणे ज्याला सध्या शक्यच नाही त्याला एकदा लावण्याचे औषध देता येते.